पुतण्याचा पिटबुल दोन वर्षं सांभाळायचा आहे. अनुभवी लोकांनी सांगा, जमेल का?

रेवा_सांगली | 6 नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा पुतण्या पुण्यात असतो. त्याच्याकडे दीड वर्षाचा पिटबुल आहे, मल्हार. जानेवारीत पुतण्याला कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवतेय. मल्हारला बरोबर न्यायचं म्हणून त्याने चौकशी केली, तर जर्मनीने 2001 पासून पिटबुल देशात आणायलाच मनाई केलेली आहे. मग त्याचा फोन मला. "काकू, तुझ्याशिवाय कोण आहे?"

आमचं घर सांगलीच्या बाहेर, चार गुंठ्यांत. कंपाऊंड पाच फुटी. घरात मी, हे, नऊ वर्षांचा मुलगा आणि 78 वर्षांच्या सासूबाई. एक मांजर आहे, पडवीत जेवते. मागच्या रानात दरवर्षी ऊसतोडीच्या टोळीच्या खोपी पडतात, या वर्षीही पडल्यात. त्यांची लेकरं, शेळ्या, कोंबड्या दिवसभर आमच्या फाटकासमोरून जातात.

दिवाळीत मल्हार चार दिवस राहून गेला. सासूबाई सोफ्यावर बसल्या की हा येऊन त्यांच्या पायांवर सगळा भार टाकून बसायचा आणि डोळे मिटायचा. "गरीब आहे गं बाई," असं त्या सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटल्या. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकासमोरून एक शेळी गेली. तो भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. जागच्या जागी ताठ झाला, एक पाय उचललेला, कपाळावर आठी. मी हाक मारली, तर कान सुद्धा हलला नाही. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पायांवर बसलेला मल्हार खरा, की फाटकापाशी उभा असलेला? आणि आमच्यासारख्या घरात त्याला ठेवावं का?

बाबूराव_कराड | 6 नोव्हेंबर

ठेवू नका. जुलै 2022 मध्ये लखनौत 82 वर्षांच्या बाईंना घरच्याच पिटबुलने मारलं. परका कुत्रा नव्हता, मुलाने पाळलेला होता. तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे आणि लेकरूही आहे. याच्यापुढे काय बोलायचं?

ओंकार_नाशिक | 6 नोव्हेंबर

बाबूरावकाका, एका घटनेवरून सगळी जात बदनाम करू नका. माझ्याकडे सहा वर्षं पिटबुल मादी आहे. माझी पुतणी तिच्या अंगावर डोकं ठेवून झोपते. जुन्या काळी इंग्लंडमध्ये या कुत्र्यांना मुलं राखायला ठेवायचे, 'दाई कुत्रा' म्हणायचे. सगळं वाढवण्यावर असतं. रेवाताई, बिनधास्त ठेवा.

डॉ_चैताली | 7 नोव्हेंबर

मी पशुवैद्य आहे. दवाखान्यात पिटबुल नेहमी येतात, माझे लाडके पेशंट आहेत. तरी ओंकार, तुझ्या पोस्टमधल्या 'दाई कुत्रा' आणि 'बिनधास्त ठेवा' या दोन गोष्टी खोडून काढते, कारण त्यावर विसंबून कुणाच्या घरात अपघात व्हायला नको.

'दाई कुत्रा' ही अलीकडे जुळवलेली गोष्ट आहे. या जातीची मुळं बैलाच्या अंगावर कुत्री सोडण्याच्या खेळात आहेत. इंग्लंडमध्ये तो खेळ 1835 च्या कायद्याने बंद झाला. मग लोकांनी कुत्र्याविरुद्ध कुत्रा लावायला सुरुवात केली. तीच कुत्री पुढे अमेरिकेत गेली आणि 1898 मध्ये युनायटेड केनेल क्लबने त्यांची 'अमेरिकन पिटबुल टेरियर' म्हणून नोंद सुरू केली. मुलं राखायला म्हणून ही जात कुणी घडवलेली नाही.

आता रेवाताई, तुमचा प्रश्न. दोन्ही मल्हार खरे आहेत. माणसाबद्दलची माया आणि दुसऱ्या जनावरावर जाण्याची ओढ या कुत्र्यात शेजारी शेजारी नांदतात. एक आहे म्हणून दुसरी नाही, असं होत नाही. झुंजीच्या मधे हात घालून कुत्रा उचलावा लागायचा, म्हणून माणसाला चावणारा कुत्रा त्या लोकांना नको असायचा. पण त्या जुन्या निवडीवर आज भरवसा टाकू नका. आपल्याकडे पिल्लं विकणारे बरेच जण रुंद डोकं आणि निळसर रंग बघून जोड्या लावतात, आईबाप कुठल्या स्वभावाचे आहेत ते बघत नाहीत. आणि शेळीमागे धावणाऱ्या कुत्र्याच्या वाटेत लेकरू आलं तर तो थांबेलच, असं मी लिहून देणार नाही.

सगळं जातीवरही नसतं. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 18,000 हून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला होता. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्याहून वेगळं का, यातला जेमतेम 9 टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. म्हणून मी कायम म्हणते, समोरचा कुत्रा बघा. पण बघताना वयही बघा. मल्हार दीड वर्षाचा आहे. दुसऱ्या कुत्र्यांशी न पटणं या जातीत बऱ्याचदा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान उघडं पडतं. लहानपणी सगळ्यांशी खेळायचा, हे पुढची खात्री म्हणून धरू नका.

पिटबुलच्या जबड्याला कुलूप लागतं असं लोक म्हणतात, ते मात्र खोटं आहे. कुलूप लागेल अशी काही रचनाच तिथे नसते. पकडलेलं सोडायचं नाही, हा हट्ट असतो. जखम त्यानेच मोठी होते. धरून हिसडे दिले जातात, मांस फाटतं.

ओंकार_नाशिक | 7 नोव्हेंबर

दाईची गोष्ट मी बऱ्याच ठिकाणी वाचली होती, खरी धरली. डॉक्टर, मागे घेतो. पण माझी मादी खरंच सोन्यासारखी आहे.

डॉ_चैताली | 7 नोव्हेंबर

असेलच! तिला माझ्याकडून एक पापा. पण पुतणी तिच्या अंगावर झोपते तेव्हा मोठं माणूस त्याच खोलीत, जागं असू दे. हे मी लॅब्राडोरवाल्यांनाही सांगते.

सुमेधा_डोंबिवली | 8 नोव्हेंबर

ही गोष्ट लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. रेवाताई, तुमच्यासाठी लिहिते.

आमच्याकडे आधी लॅब्राडोर होता, बंड्या. तो पाच वर्षांचा असताना पिटबुलची पिल्लू आणली, राणी. दोन वर्षं एका गादीवर झोपले. बंड्याच्या कानातली घाण राणी चाटून साफ करायची. आमच्या फोनमध्ये दोघांचे शेकड्यांनी फोटो आहेत.

एका रविवारी सकाळी मी पोळ्या करत होते. दोघं नेहमीसारखे ओट्याच्या खाली. माझ्या हातून पोळीचा तुकडा पडला, दोघांनी एकदम मान खाली घातली. गुरगुर ऐकू आली नाही. मला ऐकू आलं ते बंड्याचं किंचाळणं. राणीने त्याचा गाल धरला होता, कानाच्या खाली. मी ओरडले, लाटणं आपटलं, पाण्याची कळशी ओतली. तिचे डोळे माझ्याकडे होते, पण ती मला बघत नव्हती. मी वेड्यासारखी पट्टा ओढत राहिले आणि मी ओढेन तसा गाल फाटत गेला. मिस्टर आंघोळीतून धावत आले तोवर एक-दोन मिनिटं गेली असतील. फरशीच्या फटींतून रक्त पार फ्रिजखाली गेलं होतं.

सुटल्यावर राणी माझ्याकडे आली आणि शेपूट हलवत माझा हात चाटायला लागली. तिच्या लेखी माझं तिचं काहीच बिघडलं नव्हतं.

बंड्याला 23 टाके पडले. तो वाचला, पुढे चार वर्षं जगला. त्या चार वर्षांत दोघं पुन्हा एका खोलीत आले नाहीत. एक बाहेर, तर दुसरा दाराआड. टू बीएचकेत रोज, पाहुणे असताना, सणाला, आजारपणात, दार लावलंय का हे तीन-तीनदा बघायचं. आमच्या घरात 'राणी कुठे, बंड्या कुठे' हा मंत्र झाला होता. राणी आजही आहे, म्हातारी झालीय, जीव की प्राण आहे. पण मी तिला वाईट म्हणणार नाही आणि 'ती असं करणारच नाही' असंही पुन्हा कधी म्हणणार नाही.

बाबूराव_कराड | 8 नोव्हेंबर

ताई, वाचून गलबलून आलं. एक विचारतो, नेमकं सोडवायचं कसं? आमच्या वस्तीवर कुत्री भांडतात, माणसं काठ्या घालतात, उपयोग होत नाही.

डॉ_चैताली | 8 नोव्हेंबर

बाबूरावकाका, मारल्याने पकड आणखी घट्ट होते. ओढल्याने काय होतं ते सुमेधाने लिहिलंच आहे. तोंडाजवळ हात घालायचा नाही, मालकानेही नाही.

साधी भांडणं असतील तर दोघांनी दोन कुत्र्यांचे मागचे पाय वर धरायचे, हातगाडी धरतात तसे, आणि वळवत मागे न्यायचे. एकाने पकडून ठेवलं असेल तर मागच्या बाजूने त्याच्या कमरेवर पाय टाकून त्याला गुडघ्यांत दाबायचं, गळपट्टा धरून डोकं हलू द्यायचं नाही, आणि दाढांच्या मागच्या फटीतून लाकडी पाचर घालून पिळायची. पिटबुल पाळणारे जाणकार ही पाचर घरात, गाडीत, बाहेर जाताना खिशात ठेवतात. वापरायची कशी, हे आधी कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यायचं. दुसऱ्या जातीच्या कुत्र्यावर हा प्रयोग नको, ती उलटून हाताला चावतात.

आणि माणसाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. 15 म्हणजे घड्याळ लावून 15. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. तसंच सरकारी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते मागून घ्या. घरच्या कुत्र्याला लस दिलीय म्हणून बसून राहू नका.

मांडवीकाठ | 9 नोव्हेंबर

मी गोव्याचा. ऑगस्ट 2024 मध्ये आमच्या हणजूण गावात 7 वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. कुत्रा मोकळा होता. तेव्हापासून इथे पिटबुल म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येतो, आणि त्यांना मी दोष देत नाही. जुलै 2025 मध्ये मुंबईत मानखुर्दला उभ्या रिक्षात 11 वर्षांच्या मुलाला पिटबुल चावला, तो व्हिडिओ तर सगळ्यांनी पाहिला असेल.

बंदीचं म्हणाल तर केंद्राने 12 मार्च 2024 रोजी राज्यांना पत्र पाठवून 23 जातींची आयात, विक्री आणि पैदास थांबवायला सांगितलं होतं. त्यात पिटबुल होता. आधीपासून घरात असलेल्यांची नसबंदी करा, असंही होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांत ते टिकलं नाही. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच काढलं, हा मुख्य आक्षेप होता.

पण बंदी असो-नसो, मालकाची जबाबदारी कायद्यात आहेच. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रेवाताई, कुत्रा पुतण्याचा असला तरी तुमच्या ताब्यात असेल तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. महापालिकेच्या हद्दीत असाल तर परवानाही तुमच्या पत्त्यावर लागेल.

मोहिनी_लीड्स | 9 नोव्हेंबर

इकडे इंग्लंडमध्ये 1991 च्या कायद्याने पिटबुलवर बंदी आहे. एक्सएल बुली, म्हणजे पिटबुलच्याच वळणाचा पण आणखी थोराड कुत्रा, त्यात नव्हता, तो 2023 च्या शेवटी घातला. आमच्या गल्लीत एका आजोबांकडे तसा कुत्रा आहे, त्यांनी मुदतीत कागदपत्रं केली. नसबंदी, मायक्रोचिप, दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा विमा, बाहेर नेताना तोंडाला जाळी आणि पट्टा, पट्टा धरणारा किमान 16 वर्षांचा. मला त्या यादीतलं शेवटचं कलम फार शहाणपणाचं वाटतं. रेवाताई, तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो हट्ट करणार, 'मी फिरवून आणतो'.

विश्वास_फलटण | 10 नोव्हेंबर

थोडं विषयाला धरूनच. शेतावर चोऱ्या होतात. राखणीला पिटबुलचं पिल्लू घ्यायचं म्हणतोय. किती दिवसांचं घ्यावं? दिवसा साखळीला बांधून रात्री सोडला तर चालेल ना?

सुमेधा_डोंबिवली | 10 नोव्हेंबर

विश्वासदादा, हात जोडते, नका घेऊ.

डॉ_चैताली | 10 नोव्हेंबर

नको. आधी हे की तो राखणीचा कुत्रा नाही. बरेच पिटबुल चोराचंही हात चाटून स्वागत करतील. शिवाय दिवसभर बांधलेला कुत्रा चिडका होतो, आणि हा रात्री सुटला की शेजारच्यांच्या शेळ्या-मेंढ्यांवर जाईल. फलटण भागात मेंढपाळांचे वाडे असतात ना? एका रात्रीत कुणाचं वर्षाचं उत्पन्न जाईल. वस्तीवर जन्मलेलं गावठी पिल्लू घ्या. परक्याची चाहूल लागली की घसा फोडून भुंकेल, आणि ऊन-पाऊसही सोसेल.

विश्वास_फलटण | 10 नोव्हेंबर

मेंढरांचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या बांधाला लागूनच वाडा बसतो. रद्द.

अंजू_वर्धा | 11 नोव्हेंबर

खाण्याचं कुणी बोललंच नाही! आमचा शेरू ज्वारीची भाकरी आणि अंडं खाऊन दहा वर्षं झाली ठणठणीत आहे. पिटबुलला रोज मटण घालतात म्हणे, त्यानेच ते तापट होतात का?

डॉ_चैताली | 11 नोव्हेंबर

मटणाने कुणी तापट होत नाही, अंजूताई, नाहीतर कोल्हापुरात राहणं अवघड झालं असतं 🙂 भाकरी चालते, पण वाढत्या पिटबुलला अंडी, चिकन, दही असं जास्त लागतं. यांची त्वचा फार नाजूक. केस आखूड, खाज, चट्टे कायम. सांगलीच्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच फिरवायचा. गोचीड तापाचा एक जंतू, बबेसिया गिब्सोनी, भारतात गोचिडांतून पसरतोच, पण झुंजीतल्या चाव्यातूनही एकाचा दुसऱ्याला लागतो. त्यामुळे मल्हारची रक्ततपासणी एकदा करून घ्या. आणि नसबंदी झालीय का, ते अजून कुणीच विचारलं नाही.

रेवा_सांगली | 12 नोव्हेंबर

नाही झालेली. पुतण्या म्हणतो, एकदा पिल्लं घ्यायची होती. मी त्याला स्पष्ट सांगितलं, आधी ऑपरेशन, मग पुढचं बोलू. कबूल झालाय.

सुमेधाताई, तुमची पोस्ट घरात सगळ्यांना वाचून दाखवली. तोंडाच्या जाळीबद्दल सांगा ना. सासूबाईंना ते क्रूर वाटतं.

बाबूराव_कराड | 12 नोव्हेंबर

सासूबाईंना म्हणावं, मळणीला आणि कोळपणीला बैलाला मुसकं बांधतोच की आपण. तो काय राग असतो? पिकात तोंड घालू नये एवढंच. त्याच मायेने बांधायचं.

डॉ_चैताली | 12 नोव्हेंबर

बाबूरावकाका, इतक्या सोप्या शब्दांत मला आजवर सांगता आलं नव्हतं. उद्यापासून दवाखान्यात मुसकंच म्हणणार.

पिंजऱ्यासारखं घ्यायचं, त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळणारी कापडी पट्टी फिरायला वापरायची नाही, त्यात अंग तापतं. पहिले आठ दिवस बांधायचं नाही. आतून दही लावायचं आणि त्याला आपणहून नाक घालू द्यायचं. नाक घालतोय म्हटल्यावर एक सेकंद बंद, मग पाच. महिन्याभरात मुसकं दिसलं की शेपूट हलली पाहिजे.

ओंकार_नाशिक | 13 नोव्हेंबर

मीही मागवलं. आणि दुसरं फाटक करून घेतोय, म्हणजे एक उघडं राहिलं तरी दुसरं बंद. पाच फुटी भिंत यांना काहीच नाही, रेवाताई. आमची बाई सहज चढते.

रेवा_सांगली | 21 डिसेंबर

मंडळी, उशीर झाला, पण काय ठरलं ते सांगायला आले.

नोव्हेंबरअखेर मल्हारचं ऑपरेशन झालं. मग आम्ही मल्हारशिवायच एक आठवडा तालीम केली. तो घरात आहे असं धरून वागायचं. मागचं दार कायम बंद, फाटकाला कडी, मांजर वेगळ्या खोलीत, मुलाचे मित्र आले की आधी फोन. मी वहीत लिहीत गेले. सात दिवसांत मागचं दार अकरा वेळा उघडं राहिलं. त्यातलं नऊ वेळा सासूबाईंकडून. पहाटे साडेपाचला दूधवाल्यासाठी दार उघडायचं आणि ऊन आत येईपर्यंत तसंच ठेवायचं, ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. त्याच दारातून खोपीवरची एक चिमुरडी रोज त्यांच्याकडे चहा-खारी खायला येते. तीन वर्षांची असेल. न विचारता सरळ आत येते, आणि आमच्या घरात तिला तसंच येता यायला हवं.

वही मीच सासूबाईंपुढे ठेवली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोष त्याचा नाही, माझा पण नाही. पण या घरात नको."

पुतण्याचा पुण्यातला एक मित्र मल्हारला पिल्लू असल्यापासून फिरवतोय. एकटाच राहतो, घरात दुसरं जनावर नाही, तळमजल्याचा फ्लॅट, काम घरूनच. तो ठेवायला तयार झालाय. आम्ही दर महिन्याला खाण्याचा आणि डॉक्टरचा खर्च पाठवणार. परवाना त्याच्या नावावर केलाय. महिन्यातून एकदा मी जाणार. काल पहिल्यांदा जाऊन आलो, सासूबाईंनाही नेलं. मल्हार दहा मिनिटं त्यांच्या पायांवर भार टाकून बसला, मुसकं घालून. जाळीतून त्यांच्या पातळाचा काठ पार ओला केला.

बाबूराव_कराड | 21 डिसेंबर

बरं केलंत. सासूबाईंना नमस्कार सांगा. त्या पोरीचं दार उघडं राहिलं, हे फार बरं झालं.

सुमेधा_डोंबिवली | 21 डिसेंबर

रेवाताई, ती वहीची युक्ती मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर. मित्राला म्हणावं काही लागलं तर मला विचार, अगदी मध्यरात्री सुद्धा.

ओंकार_नाशिक | 22 डिसेंबर

मुसकं कुठल्या मापाचं घेतलंत? आमचं धापा टाकताना नाकाला घासतंय.

रेवा_सांगली | 22 डिसेंबर

नंबर मित्राला विचारून सांगते. त्याने मल्हार धापा टाकत असताना नाकाची लांबी आणि तोंडाचा घेर मोजला होता, आणि तिथे दोन बोटं सैल ठेवली. तुम्ही मिटलेल्या तोंडाचं माप घेतलंत का?

ओंकार_नाशिक | 22 डिसेंबर

हो, मिटलेल्याचंच! उद्या सकाळी फिरवून आणल्यावर परत मोजतो.